‘जमा’ म्हणाली म्हणून

मित्रांनो, मी फळा. सागवानी, काळा, तीन पायांच्या तिवईवर उभा राहणारा. कबनूरच्या एका प्राथमिक शाळेत माझा जन्म गेला. म्हातारपणी माझ्यासारखे फळे भिंतीकडं तोंड करून गप्प पडून राहतात. मला गप्प राहता येत नाही, कारण माझ्या पोटात राग आहे. तो आधी सांगून टाकतो, म्हणजे मी पुढं आवाज चढवला तर तुम्ही दचकणार नाही.

मला गुंडू सुतारानं घडवलं. इचलकरंजीच्या वखारीतून त्यानं निवडून फळ्या आणल्या, एकमेकींत अशा बसवल्या की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकू नये. मग शाळेतल्या पोरांनी कोळशाची पूड आणि तोंडलीचा पाला एकत्र कुटून माझ्या अंगाला चोळला. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की हा सोहळा व्हायचा. पोरांचे हात कोपरापर्यंत काळे, तोंडं काळी, आणि मी नवरदेवासारखा चकचकीत!

माझे पहिले मास्तर आकाराम गुरुजी. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ ओढली, एकमेकींना छेदणारी, आणि पोरांना विचारलं, “हे काय हाय?”

“अधिक!” पुढच्या बाकावरून उत्तर आलं.

“मिळवा!” दुसरा ओरडला.

“आन्!” तिसरा म्हणाला. “दोन आन् तीन पाच.”

मागं एक पोरगा बसला होता. त्याचे आईबाप सीमेपलीकडून मागावर कामाला आले होते, घरात कानडी बोलायचे. तो हळूच म्हणाला, “कूडसू.” दोघं-तिघं फिदीफिदी हसायला लागले. गुरुजींनी नुसते डोळे वर केले. हसणं जागच्या जागी थांबलं.

“कूडसू तर कूडसू,” गुरुजी म्हणाले. “चार आन् नऊ कूडसून दाखव बघू.”

“तेरा.”

“बस खाली. शाबास.”

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. हे चिन्ह वाचायचं ‘अधिक’. दोन ढीग एकत्र करायचे, त्याला म्हणायचं ‘मिळवणं’. आणि ‘बेरीज’ हा शब्द दोन्हीकडं चालतो. करायची तीही बेरीज आणि करून झाल्यावर खाली उरते तीही बेरीज. “बेरीज कर” असंही म्हणतात आणि “बेरीज किती आली” असंही म्हणतात. पोरांना ते पटकन कळलं. मलाही कळलं, आणि मी तर लाकूड!

ते दिवस माझ्या मानाचे होते. दुसऱ्या शाळांचे मास्तर वाट वाकडी करून मला बघायला यायचे. “फळा असावा तर असा,” म्हणायचे. माझ्यावर लिहिलेलं अक्षर शेवटच्या रांगेतल्या पोरालाही दिसायचं.

गुरुजी निवृत्त झाले. पुढं भिंतीवर मोठा टीव्ही आला. त्याच्या शेजारी गुळगुळीत पांढरा बोर्ड आला, त्यावर शाईच्या पेनानं लिहायचं. मला तिसरीच्या वर्गात खिडकीजवळच्या कोपऱ्यात सरकवलं. माझ्या तिवईचा एक पाय चिरला होता, तो कुणीतरी मागाच्या सुतानं गुंडाळून बांधला. माझ्यावर आता तारीख आणि पटसंख्या एवढंच लिहायचे. एखाद्या मुलाला उदाहरण सोडवायला उभं करायचं असलं की तेवढ्यापुरती माझी आठवण. पांढऱ्या बोर्डावर मुलांनी लिहिलं तर पेन खराब होतं म्हणे.

याचा मला राग नाही. म्हातारं झालं की कोपरा मिळतो, ते मी कधीच मान्य केलं. माझा राग वेगळा आहे, आणि त्याचं नाव आहे तहरीम.

तहरीमचे वडील अझीमभाई मिरजेहून कबनूरला आले. इथल्या एका कारखान्यात माग दुरुस्त करायचं काम त्यांना मिळालं होतं. आई मेहरुन्निसा त्याच कारखान्यात मागाच्या सुताच्या कांड्या भरायला लागली. तहरीम मिरजेत उर्दू शाळेत दुसरी पास झालेली. कबनूरच्या घरापासून उर्दू शाळा लांब, मोठा रस्ता ओलांडून जायचं, आणि पोचवायला-आणायला कुणी नाही. म्हणून तिचं नाव आमच्या शाळेत घातलं, तिसरीत. गल्लीत खेळून खेळून मराठी तिला चांगलं येत होतं. अंगानं बारीक, दोन घट्ट वेण्या, आणि गणिताचं पुस्तक उघडलं की ओठ आपोआप हलायला लागायचे.

तिसरीचे शिक्षक होते धैर्यशील सर. कोल्हापुरात राजारामपुरीला राहायचे, मोटरसायकलवरून यायचे, कधी उशीर केला नाही, कधी वर्ग सोडून फोनवर बोलत बसले नाहीत. माणूस कामाचा. मी खोटं कशाला बोलू? आधी तिकडंच कुठल्या तरी शिकवणी वर्गात शिकवत होते. तिथली एक सवय त्यांच्या तोंडात राहिली होती. ते उदाहरणांना ‘सम्स’ म्हणायचे. “चला, सम्स काढा.” “ही सम कुणाला आली?” बेरजेला सम, गुणाकाराला सम आणि वजाबाकीलाही समच. आता इंग्रजीत ‘सम’ म्हणजे बेरीज, एवढं माझ्यासारख्या लाकडालाही इतक्या वर्षांत ऐकून ऐकून माहीत झालं होतं. वजाबाकीला बेरीज म्हटलं जात होतं आणि वर्गात कुणीही, एकही पोर, हसत नव्हतं. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. मी तरी विसरलो नाही.

तहरीम येऊन थोडेच दिवस झाले होते. सरांनी माझ्यावर ३४७ लिहिले, खाली २८६ लिहिले, डावीकडं अधिकचं चिन्ह काढलं आणि म्हणाले, “तहरीम, तू ये. मोठ्यानं बोलत कर.”

ती आनंदानं उठली. खडू हातात घेतला आणि घडाघडा बोलायला लागली, “सात जमा सहा बराबर तेरा. तीन लिवले, हासिल एक. चार जमा आठ बारा, हासिल एक तेरा...”

“थांब थांब,” सर हसून म्हणाले. “जमा? जमा काय गं? बँकेत पैसे भरायला आलीस व्हय?”

वर्गात हशा फुटला. बाकांवर हात आपटून पोरं हसली. यशराज नावाचा पोरगा तर बाकावरून खालीच घसरला.

तहरीमनं आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला वाटलं, बेरीज चुकली. तिनं मनातल्या मनात पुन्हा केली. ओठ हलताना मला दिसत होते. उत्तर तेच येत होतं, ६३३. मग तिनं ते लिहून टाकलं. बरोबर होतं. मित्रांनो, ते उत्तर माझ्या अंगावर लिहिलेलं होतं आणि ते बरोबर होतं!

सरांनी डस्टर घेतलं आणि पुसून टाकलं.

“इथं बेरीज म्हणायचं. सात अधिक सहा म्हणायचं. हासिल न्हाई, हातचा. परत कर, नीट बोलून.”

तिनं खडू खाली ठेवला. शिकवणं हे सरांचं कामच होतं. पुस्तकात बेरीज छापलंय, परीक्षेत बेरीज विचारणार, तर तो शब्द तिला यायलाच पाहिजे. पण तो शब्द तिला दिला कसा? पोरांच्या हसण्यात गुंडाळून. बरोबर उत्तरावर डस्टर फिरवून. सरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी दुसऱ्या मुलाला उठवलं आणि म्हणाले, “तू काढ बघू ही सम.”

मी तिवईवर थरथरलो. पोरांना वाटलं वाऱ्यानं हललो.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं जमा. “ए जमा, पाणी पिऊन झालं का?” “जमा आली, जमा आली!” यशराजनं त्याला चाल लावली. नळावर, मैदानात, खिचडीच्या रांगेत, सगळीकडं तेच. ती आधी मागं वळून बघायची, मग बघायचीही थांबली.

वर्गात सर म्हणायचे, “तहरीम, बेरीज सांग,” आणि ती खाली वहीकडं बघत राहायची. ‘बेरीज’ शब्द तिला येत होता. न यायला काय झालं? पण तोंड उघडलं तर आतून दुसराच शब्द निसटेल आणि सगळे पुन्हा बाक बडवतील, ही भीती. वहीतही ती उत्तराची जागा कोरी सोडायला लागली. सर रोज बघत होते. त्यांच्या मनानं प्रामाणिकपणे निकाल दिला. या मुलीला बेरीज येत नाही.

एके दिवशी ते तिला म्हणाले, “गणिताच्या तासाला तू आता दुसरीत बसत जा. पाया पक्का झाला की परत ये.”

दुसऱ्या दिवसापासून गणिताची घंटा झाली की ती दप्तर उचलायची आणि माझ्या समोरून बाहेर जायची. दुसरीतल्या चिमुरड्यांच्या मागं भिंतीला टेकून बसायची, तिथं मण्यांची बेरीज चालू असायची. जाताना ती माझ्याकडं बघायची नाही. हातचे घेऊन तीन आकडी बेरीज तोंडी करणारी पोरगी! मला ओरडता आलं असतं तर त्या शाळेची कौलं उडाली असती.

घरी काय चाललं होतं ते मला पुढं तिच्या आईच्या तोंडून कळलं. आधी ती शाळेतून आल्यावर अम्मीच्या मागं मागं हिशेब करत फिरायची, टोपलीतल्या भाकऱ्यासुद्धा मोजून सांगायची. आता ती काहीच मोजेना. “क्या हुआ?” विचारलं की “कुछ नहीं.” एवढंच.

मग तो दिवस आला. मधली सुट्टी होती, सगळी पोरं खिचडीच्या रांगेत. तहरीम एकटी वर्गात आली. दाराकडं बघितलं, खडूचा डबा उघडला आणि माझ्यासमोर उभी राहिली. चवड्यांवर उभी राहून तिनं माझ्या डोक्यापासून सुरुवात केली. बेरीज. खाली दुसरी बेरीज. शेजारी तिसरी. तीन आकडी, चार आकडी, चार-चार ओळींची. खडू एवढा दाबून लिहीत होती की तो मोडत होता, आणि मोडका तुकडा टाकून ती दुसरा घेत होती. तोंडानं पुटपुटत होती, “जमा, जमा, जमा...” डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं नव्हतं. मला राग ओळखता येतो.

कोळशानं माखलेल्या माझ्या अंगावर इंचभर जागा उरली नाही. तेवढ्यात घंटा झाली. पोरं आत आली, मागून सर आले आणि दारातच थबकले.

“हे कुणी केलंय?”

“मी,” तहरीम म्हणाली.

कितीतरी दिवसांनी तिचा आवाज वर्गानं ऐकला.

“कुणाचं बघून?”

मित्रांनो, एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. कुणाचं बघून? माझ्याशिवाय तिथं होतं कोण?

“कुणाचं न्हाई. मला जमा येतं. जमा म्हंजे बेरीज. मला येती.”

पोरं हसायच्या बेतात होती, पण तिचा चेहरा बघून कुणाला धीर झाला नाही. सरांचे कान लाल झाले. “उलट बोलतीस?” म्हणत त्यांनी डस्टर उचललं.

तहरीम वळली, माझ्याकडं पाठ केली आणि दोन्ही हात पसरून सरांना आडवी उभी राहिली. “पुसायचं न्हाई!”

“बाजूला हो.”

“न्हाई. आधी तपासा.”

“तहरीम, बाजूला हो म्हणतोय मी!”

“आधी तपासा!”

तिची वेणी माझ्या अंगाला घासली आणि उजव्या कोपऱ्यातली एक बेरीज अर्धी पुसली गेली. तिच्या गणवेशाच्या पाठीवर खडूचे पांढरे पट्टे उठले. आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापिका प्रियदर्शनी बाई धावत आल्या. त्यांनी एकदा मुलीकडं, एकदा सरांच्या हातातल्या डस्टरकडं बघितलं आणि तिच्या आईला निरोप धाडला.

मेहरुन्निसा कारखान्यातून तशीच आली. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू. दारातून पोरीला तशी हात पसरून उभी असलेली बघितली आणि जागीच थांबली.

“काय झालं सर? काय केलंय माझ्या लेकीनं?”

“ताई, तिला वर्गाची शिस्त कळत नाही,” सर म्हणाले. “बेरीज येत नाही म्हणून दुसरीत बसवली, तर हा असला प्रकार.”

“दुसरीत?” मेहरुन्निसाला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिनं माझ्यावरच्या आकड्यांकडं बघितलं. “मग हे काय हाय?”

“तेच विचारतोय. ती जमा-बिमा म्हणती. इथं तसं चालत नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सर थोडं बोलले, बाकीचं पोरांनी सांगितलं, आणि यशराजनं मान खाली घालून ‘जमा’ची चालही कबूल केली. मेहरुन्निसा ऐकत गेली. तिचा चेहरा तापत गेला.

प्रियदर्शनी बाई समजूत घालायला पुढं आल्या. “सर, खरं बघितलं तर बेरीज हा शब्दसुद्धा आपल्याकडं फारसीतून आलाय. वजाही तिकडचाच, बाकीही तिकडचीच. शब्दकोशात बघा. मग जमाला हसण्यासारखं काय आहे?”

मला वाटलं, झालं, आता जिंकलो. पण मेहरुन्निसा बाईंवरच उसळली.

“बाई, त्यो शब्द फारसीतनं आला म्हणून माझ्या पोरीला हसायचं न्हाई व्हय? आणि समजा आला नसता, तर हसायचं? आमी मिरजेस्नं आलाव, उद्या कोण बेळगावास्नं येईल, परवा कोण बिहारातनं. त्येंचा शब्द कुठनं आला ते कोशात बघून मग ठरवणार, हसायचं का न्हाई?”

बाई एक पाऊल मागं सरल्या. त्यांचं तोंड उतरलं.

“ताई, बेरीज शिकवायला नको का मी?” सर म्हणाले. आवाज आता जरा खाली आला होता.

“शिकवा की! शिकवायलाच तर धाडलीया. बेरीज शिकवा, अधिक शिकवा, तुमचं ते सम का काय पोरं म्हणत्यात त्ये पण शिकवा. न्हाई आलं तर चार डाव सांगा. पण पोरं दात काढत्यात आणि तुमी त्यास्नी काय बोलत न्हाई? तुमीच पयलं हसलासा सर!”

सरांनी डस्टर टेबलावर ठेवलं.

प्रियदर्शनी बाईंनी खडू घेतला आणि माझ्यावरची एकेक बेरीज तपासायला सुरुवात केली. एकेका उत्तराशेजारी बरोबरची खूण उमटत गेली. वेणीनं पुसलेली बेरीज तहरीमनं पुन्हा पुरी केली. शेवटी तळाशी एक आली. सरच पुढं वाकून म्हणाले, “ही चुकलीय. हातचा धरला नाही.”

सगळ्यांनी मेहरुन्निसाकडं बघितलं. ती म्हणाली, “चुकली तर चुकली म्हणा. त्यो तुमचा हक्कच हाय. चुकल्यावर बोला की सर. बरूबर आल्यावर कशाला बोलताय?”

तहरीमनं चुकलेला आकडा आपल्या तळव्यानं पुसला आणि दुसरा लिहिला.

“उद्यापासून गणिताला इथंच बस,” सर म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते.

माफी मागितली का? नाही. मी वाट बघत होतो. पोरांसमोर हसले होते, तर पोरांसमोरच दोन शब्द बोलायला काय हरकत होती? पण मोठ्या माणसांच्या तोंडाला कुलूप असतं, आणि किल्ली कुठं ठेवलीय ते त्यांनाच सापडत नाही. मेहरुन्निसानं पोरीच्या पाठीवरचा खडू झटकला आणि ती पुन्हा कामावर गेली. तिचा अर्ध्या दिवसाचा खाडा पडला होता.

यशराजची चाल बंद झाली. काही पोरं अजून चुकून ‘जमा’ अशी हाक मारायची, मग जीभ चावायची. तहरीम वर्गात बोलायला लागली. आधी हळू, मग खणखणीत. सरही बदलले, हे मला सांगितलंच पाहिजे. एकदा एका पोरानं कुणाच्या तरी बोलण्यावर फिस्स केलं, तर सरांनी त्याला असं झापलं की तो आठवडाभर पाण्यालाही विचारून जात होता.

पुढं शाळेची तपासणी आली. तपासणीला आलेले साहेब वर्गात फिरले, टीव्ही बघितला, पांढरा बोर्ड बघितला, मग कोपऱ्यात मी दिसलो. त्यांनी माझ्यावर एक बेरीज लिहिली आणि म्हणाले, “कोण करतंय?”

सरांनी तहरीमला पुढं केलं. तिनं क्षणात उत्तर लिहिलं.

“छान. याला काय म्हणतात?”

“बेरीज.”

“वा!” साहेब वळणार, एवढ्यात ती थांबली. तिला अजून काही बोलायचं होतं. तिनं सरांच्या तोंडाकडं बघितलं. सरांनी मान हलवली, तेव्हा ती म्हणाली, “आमच्या घरी जमा म्हणतात.”

साहेब हसून “अच्छा” म्हणाले आणि पुढं गेले. सरांनी टाळी वाजवली, सगळ्या वर्गानं वाजवली. प्रियदर्शनी बाईंचे डोळे भरून आले.

मी टाळी वाजवली नसती, मित्रांनो, मला हात असते तरी. त्या पोरीनं आपल्या आईच्या तोंडचा शब्द उच्चारण्याआधी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. चालेल का, म्हणून विचारलं. आधी ती कुणाला विचारत नव्हती. खडू घेऊन घडाघडा बोलत सुटली होती.

तुमच्या वर्गात कुणी नवीन येईल. त्याच्या तोंडी तुम्ही कधी न ऐकलेला शब्द असेल. तेव्हा त्याचं उत्तर बघा. चुकलं असेल तर चुकलं म्हणा, आणि बरोबर असेल तर नुसतं बरोबर म्हणा. तुमचा शब्द त्याला शिकवा, त्याचा शब्द तुम्ही शिका. आणि हसू आलंच, तर ते दातांखाली धरा.

नाहीतर तेही पोर आधी तुमच्या चेहऱ्याकडं बघेल, मगच तोंड उघडेल.